स्त्रियांची अंगदुखी आणि भौतिकोपचार : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

स्त्रियांची कंबरदुखी, गुडघेदुखी, मान-खांद्याचे आखडणे हा सर्वसाधारणपणे वैद्यकशास्त्राचा विषय मानला जातो. इतिहासलेखनात त्याला क्वचितच स्थान मिळते. साथीचे रोग, दुष्काळ, युद्धे यांचा इतिहास लिहिला जातो, कारण त्यांत मृत्यू असतो आणि मृत्यूची नोंद होते. स्नायू, हाडे व सांधे यांच्या दुखण्याने सहसा कोणी मरत नाही. ते माणसाला वर्षानुवर्षे कामाला जुंपलेल्या अवस्थेतच थकवीत राहते. असे असले तरी कोणते दुखणे मोजायचे, कोणत्या दुखण्याला उपचाराचा हक्क द्यायचा आणि कोणते ‘बाईच्या जातीला असायचेच’ म्हणून सोडून द्यायचे, हे समाज ठरवीत असतो. ते कसे ठरत गेले हा निश्चितच इतिहासाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्याच्या संदर्भात मांडला आहे. भातशेती व मिठागरे, औद्योगिक वसाहती आणि लोकलने नोकरीला जाणारा मध्यमवर्ग ही स्त्रीश्रमाची तिन्ही रूपे या एकाच लोहमार्गाच्या आजूबाजूला आढळतात. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, आधुनिक काळात स्त्रीच्या शरीराकडे पाहणाऱ्या संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. परंतु त्यांपैकी प्रत्येकीने त्या शरीराचा एकेक भाग पाहिला. स्त्री-वैद्यकाने माता पाहिली, भौतिकोपचाराने पोलिओग्रस्त बालक पाहिले, कामगार कायद्याने अपघात आणि विषबाधा पाहिली. काम करणाऱ्या स्त्रीची पाठ, गुडघा आणि मनगट या तिन्हींच्या मधल्या जागेत राहून गेले.

मोजदादीबाहेरचे दुखणे

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरील तेरावा खंड सन १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. भाताची शेती, मीठ, मासेमारी, व्यापार यांची त्यातील माहिती आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. सार्वजनिक आरोग्याचा विचार करताना मात्र वसाहतकालीन प्रशासनाची दृष्टी ताप, साथी, दवाखाने, लसटोचणी आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी यांभोवती फिरते. त्याच सुमारास, सन १८८१ च्या जनगणनेत, वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि कुष्ठरोग या चार व्यंगांची गणना करण्यात आली व पुढील अनेक जनगणनांत ती चालू राहिली. म्हणजे शरीराच्या दुरवस्थेची मोजदाद राज्यसंस्था करीतच नव्हती असे नाही. तिने मोजण्यासाठी निवडलेली दुःखे वेगळी होती.

ज्या श्रमांतून अंगदुखी निर्माण होते ते श्रम या परिसरात कमी नव्हते. आवणीच्या दिवसांत कमरेतून वाकून चिखलात तासन्‌तास रोपे लावणे, खाडीकाठच्या मिठागरांत डोक्यावरून पाट्या वाहणे, मासळीची टोपली घेऊन बाजार गाठणे, वीटभट्टीवर कच्च्या विटा उचलणे ही आगरी, कोळी, कातकरी व अन्य समाजांतील स्त्रियांची रोजची कामे होती. यांच्या आधी आणि नंतर घरचे काम असे : पहाटेचे जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, विहिरीचे पाणी, चुलीपुढे उकिडवे बसून केलेला स्वयंपाक. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचेपर्यंत जाते हा स्त्रीच्या खांद्याशी, मनगटाशी आणि पाठीशी थेट संबंध असलेला घटक होता. जात्यावरच्या ओव्यांचे जे मोठे संकलन हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने झाले, त्याने शासकीय कागदपत्रांत न सापडणारा स्त्रियांचा हा श्रमानुभव अभ्यासकांपुढे आणला. ओवी हे येथे केवळ लोकसाहित्य नाही. दुसरी नोंदच नसलेल्या आयुष्याचा तो दस्तऐवज आहे.

उपचार नव्हते असेही म्हणता येणार नाही. तेलाचे मर्दन, विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, निर्गुडीचा पाला, हाडवैद्य आणि बाळंतिणीसाठी शेक-शेगडी व अंग चोळणारी सुईण अशी एक परंपरा घराघरांत होती. या परंपरेत एक शहाणपण होते : बाळंतपणानंतर स्त्रीच्या शरीराला विश्रांतीची व स्पर्शोपचाराची गरज असते हे तिने मान्य केले होते. मात्र ही सवलत काही आठवड्यांपुरती असे आणि तीही ज्या घरांना परवडे त्यांनाच. सवा महिना संपला की तीच पाठ पुन्हा जात्याला जुंपली जाई.

मातृत्वापुरती दिसलेली स्त्री

स्त्रियांसाठी आधुनिक वैद्यक आणण्याच्या प्रयत्नांत कल्याणचे स्थान विशेष आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात झाला असला तरी त्यांचे बालपण कल्याणात गेले. कोवळ्या वयात झालेले बाळंतपण आणि अल्पायुषी ठरलेले अपत्य हा अनुभव त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निर्धारामागे होता. सन १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

सन १८८५ मध्ये डफरिन निधीची स्थापना आणि सन १८८६ मध्ये मुंबईतील कामा रुग्णालयाचा आरंभ याच कालखंडात झाला. स्त्री डॉक्टर, स्त्रियांचे रुग्णालय व प्रशिक्षित सुईण ही या चळवळीची त्रिसूत्री होती. बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंचे भीषण स्वरूप पाहता हा क्रम योग्यच होता, त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. परंतु या क्रमाचा एक दूरगामी परिणाम झाला. ‘स्त्रियांचे आजार’ या शब्दप्रयोगाचा अर्थ गर्भाशय आणि प्रसूती यांच्याशी निगडित आजार असा रूढ झाला. पुढे सन १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्यानेही गिरणीतील स्त्रीला संरक्षण दिले ते माता म्हणून. कामगार म्हणून तिच्या शरीराची जी झीज होत होती, ती या चौकटीत बसत नव्हती.

हीच दृष्टी स्वातंत्र्यानंतरही टिकून होती, हे एका न्यायालयीन प्रकरणावरून दिसते. मुंबईतील एका औषधनिर्मिती आस्थापनेत वेष्टन व लेबल लावण्याच्या विभागातील स्त्रियांनी विवाह होताच नोकरी सोडावी, असा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने सन १९६५ मध्ये तो रद्द ठरविला. न्याय मिळाला, परंतु वाद झाला तो विवाहित स्त्री कामावर नियमित येईल काय, या मुद्द्यावर. दिवसभर एकच हालचाल हजारो वेळा करणाऱ्या मनगटाचे काय होते, हा प्रश्न कोणत्याच बाजूने पुढे आला नाही.

पोलिओतून जन्मलेली विद्याशाखा

भौतिकोपचाराचा आधुनिक इतिहास युरोपात सुरू होतो. स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी सन १८१३ मध्ये शारीरिक व्यायामाची संस्था स्थापन केली. इंग्लंडमध्ये सन १८९४ मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संघटना उभारली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली आणि सन १९२१ मध्ये अमेरिकेत मेरी मॅकमिलन यांच्या अध्यक्षतेखाली व्यावसायिक संघटना स्थापन झाली. येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे : हा व्यवसाय प्रामुख्याने स्त्रियांनी घडविला, परंतु त्याचा आरंभीचा प्रातिनिधिक रुग्ण सैनिक, म्हणजे पुरुष, होता.

भारतात या विद्याशाखेचे दार मुंबईत उघडले आणि ते पोलिओने उघडले. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी सन १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. सन १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी सन १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. पोलिओच्या प्रादुर्भावाच्या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे पहिले विद्यालयही १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईतच उभे राहिले. सन १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी हाजीअलीजवळील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेचा पाया घातला गेला.

या कार्याचे मोल वादातीत आहे. तथापि ज्या रुग्णासाठी संस्था निर्माण होते त्या रुग्णाचे रूप तिच्या रचनेत उतरते. कॅलिपर, कुबड्या, कृत्रिम अवयव, शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम ही या संस्थांची साधने होती. डोळ्यांना दिसणारे व्यंग हा उपचाराचा आधार होता. चालत-फिरत, स्वयंपाक करीत, कामावर जात असलेल्या स्त्रीची कंबर या व्याख्येत येत नव्हती. शिवाय या संस्था परळ आणि हाजीअली येथे होत्या. भौतिकोपचार हा एकदा जाऊन औषध आणण्याचा उपचार नाही. त्यासाठी आठवड्यातून अनेक वेळा जावे लागते. कल्याणहून परळला जाऊन येण्यात अर्धा दिवस घालविणे घर सांभाळणाऱ्या किंवा रोजंदारीवरील स्त्रीला शक्य नव्हते.

कारखाना, कायदा आणि घरातला कारखाना

सन १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत ही त्याची पहिली वसाहत ठरली. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ येथे कारखाने वाढले. रसायने व अभियांत्रिकी यांबरोबरच औषधे, खाद्यपदार्थ आणि विद्युत उपकरणे यांच्या वेष्टन-जुळणी विभागांत स्त्रियांना काम मिळू लागले.

सन १९४८ च्या कारखाना अधिनियमात शरीराच्या भाराचा विचार नव्हता असे नाही. अपाय होईल इतके जड ओझे उचलावयास लावू नये (कलम ३४) आणि उभे राहून काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी (कलम ४४) अशा तरतुदी त्यात होत्या. सन १९६७ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १२७ व्या संकेतानेही स्त्रियांवरील ओझ्याची मर्यादा पुरुषांहून बरीच कमी ठेवण्यास सांगितले. परंतु कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनीय रोगांची जी यादी होती, तिच्यातील २९ नोंदी प्रामुख्याने विषबाधा, धूलिजन्य फुफ्फुसविकार, त्वचारोग, कर्करोग व बहिरेपणा यांच्या होत्या. एकच हालचाल सतत केल्याने जडणाऱ्या पाठीच्या, खांद्याच्या, मनगटाच्या दुखण्याला तीत स्थान नव्हते. सन २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्या यादीतही ही उणीव कायम आहे.

वास्तविक हे ज्ञान नवे नाही. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथाच्या सन १७१३ च्या आवृत्तीत सततची बैठक व हाताची पुनरावृत्त हालचाल यांमुळे लेखनिकांना होणाऱ्या त्रासाचे वर्णन केले होते. इंग्रजी वैद्यकात गुडघ्याच्या वाटीपुढील सुजेला ‘हाउसमेड्‌स नी’, म्हणजे मोलकरणीचा गुडघा, असे नाव पडले. स्विस शल्यविशारद द केर्व्हँ यांनी सन १८९५ मध्ये वर्णिलेल्या अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या दुखण्यालाही धुणे धुणाऱ्या स्त्रीचे नाव चिकटले. म्हणजे वैद्यकाच्या शब्दकोशात स्त्रीच्या श्रमाची नोंद झाली. नुकसानभरपाईच्या यादीत ती पोहोचली नाही. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात संगणकाच्या कळफलकावर काम करणाऱ्या स्त्रियांनी हातदुखीची तक्रार मोठ्या प्रमाणावर केली, तेव्हा ती वेदना हातात आहे की मनात, असा वाद तज्ज्ञांत झडला. स्त्रीच्या वेदनेला आधी साक्षीदार आणावा लागतो, याचे ते उदाहरण होय.

कारखान्याच्या फाटकाबाहेरील स्त्रीला तर कायद्याचा हा अपुरा आधारही नव्हता. पापड लाटणे, कपड्यांना गुंड्या लावणे, मण्यांच्या माळा ओवणे, भाजी निवडून देणे, पोळ्या लाटणे ही कामे घरी होतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कुटुंबांचा संसार स्त्रीच्या अशा कमाईवर चालला. इला भट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने सन १९८८ मध्ये सादर केलेल्या ‘श्रमशक्ती’ अहवालाने असंघटित क्षेत्रातील स्त्रियांच्या व्यवसायजन्य आरोग्याचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर मांडला. ठाण्यातील वागळे वसाहत आणि उल्हासनगर येथे कामगार विमा योजनेची रुग्णालये आहेत, परंतु त्यांचे दार विमाधारक कामगार व त्याच्या कुटुंबासाठी उघडते. घरी पोळ्या लाटणाऱ्या स्त्रीकडे स्वतःच्या श्रमाचे विमापत्र नसते. नवऱ्याची कारखान्यातील नोकरी गेली की तेही दार बंद होते.

लोकल आणि ओटा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. ज्या मार्गाने माल गेला त्याच मार्गाने शंभर वर्षांनी कारकून, शिक्षिका, परिचारिका, टंकलेखिका व बँक कर्मचारी स्त्रिया जाऊ लागल्या. मुंबईतील घरे महागली तसा मध्यमवर्ग डोंबिवली-कल्याणकडे सरकला. सन २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख ४७ हजारांहून अधिक, तर ठाणे शहराची १८ लाख ४१ हजारांहून अधिक होती.

मुंबईच्या टोकापासून कल्याणचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. जिन्यांची चढउतार, हात वर करून कडीला धरून उभे राहणे, एका खांद्यावर पर्स व डब्याची पिशवी, गर्दीच्या रेट्यात पाठ ताठ ठेवण्याची धडपड हा नोकरीपूर्वीचा आणि नोकरीनंतरचा श्रम होय. सन १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर महिला विशेष गाडी सुरू झाली तेव्हा नोकरदार स्त्रीच्या प्रवासाची सार्वजनिक दखल घेतली गेली. ती सुरक्षिततेच्या व सोयीच्या अंगाने घेतली गेली, शरीरश्रमाच्या अंगाने नव्हे. परतीच्या गाडीत भाजी निवडीत बसणारी स्त्री वृत्तपत्रांच्या कौतुकाचा विषय झाली. वस्तुतः ते दृश्य तिच्या दोन पाळ्यांमध्ये विश्रांतीचा अवकाश उरला नसल्याचा पुरावा आहे.

घरातही बदल झाला. सदनिकेत चूल गेली आणि उभ्याचा ओटा आला. जात्याची जागा गिरणीने, पाट्याची मिक्सरने घेतली. श्रम हलके झाले हे खरेच. परंतु उकिडवे बसण्याऐवजी स्त्री आता सिमेंटच्या फरशीवर तासन्‌तास उभी राहू लागली आणि ओट्याची उंची तिच्या उंचीप्रमाणे नव्हे तर बांधकाम व्यावसायिकाच्या मापाप्रमाणे ठरू लागली. सन २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. साधने बदलली तरी वाटणी फारशी बदललेली नाही.

नवा रुग्ण, जुनी चौकट

भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ज्या बालकासाठी भौतिकोपचार या देशात आला ते बालक सुदैवाने आता उरले नाही. या विद्याशाखेपुढे आज येणाऱ्या रुग्णांत कंबर, मान, गुडघा, खांदा यांच्या दुखण्याने त्रस्त झालेली स्त्री ठळकपणे दिसते. जागतिक अंदाजानुसार सन २०२० मध्ये कंबरदुखीने ग्रस्त व्यक्तींची संख्या ६१.९ कोटी होती आणि तीत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. गर्भारपण व प्रसूतीत स्नायूंवर येणारा ताण, रजोनिवृत्तीनंतर हाडांची घटणारी घनता ही जैविक कारणे आहेतच. परंतु जैविक कारण सांगितले की सामाजिक कारण विचारायचे नाही, ही सवय धोक्याची आहे. ‘वय झाले’ या दोन शब्दांत चाळीस वर्षांचा श्रम झाकला जातो.

उपचाराची दिशाही बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णशिक्षण व व्यायाम यांवर भर दिला असून कमरेचा पट्टा, ताण देण्याचे उपचार, अल्ट्रासाउंड यांची नित्य शिफारस करू नये असे म्हटले आहे. म्हणजे महागड्या यंत्रापेक्षा शिकविणारा तज्ज्ञ आणि व्यायामाला मिळणारा वेळ महत्त्वाचा. यंत्र विकत घेता येते. वेळ मात्र घरातल्या श्रमाची वाटणी बदलल्याशिवाय मिळत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली, हे स्वागतार्ह होते. तरीही झिजलेला गुडघा शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचल्यावर राज्यसंस्थेला दिसतो, झिजत असताना दिसत नाही, ही वस्तुस्थिती त्यातून स्पष्ट होते.

समारोप

सन २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचारासह संलग्न आरोग्यव्यवसायांना वैधानिक चौकट दिली. व्यवसायाला मान्यता मिळाली. आता रुग्णाला मान्यता मिळण्याची गरज आहे. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, पुनरावृत्त श्रमातून येणाऱ्या दुखण्यांना व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्थान मिळावे. दुसरी, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांच्यापलीकडे वस्तीपातळीवरील आरोग्यकेंद्रांत, स्त्रियांना सोयीच्या वेळी, व्यायामोपचाराचे मार्गदर्शन उपलब्ध व्हावे. तिसरी गोष्ट आपल्या, म्हणजे महाविद्यालयीन अध्यापकांच्या, आवाक्यातील आहे. आपल्या विद्यार्थिनींच्या घरी आजी, आई आणि स्वतः विद्यार्थिनी अशा तीन पिढ्यांचा श्रमेतिहास जिवंत आहे. आजी जात्यावर बसली, आई वेष्टन विभागात उभी राहिली, मुलगी संगणकापुढे बसते आहे. कोणत्या कामाने कोणता सांधा दुखला, कोणत्या वयात दुखला, त्यावर काय केले आणि काम थांबविता आले काय, या साध्या प्रश्नांची उत्तरे इतिहास, समाजशास्त्र व आरोग्यशास्त्र यांच्या संयुक्त प्रकल्पातून नोंदविता येतील.

सन १८८१ च्या प्रगणकाने जे विचारले नाही ते आज विचारणे शक्य आहे. आजीच्या पिढीचे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.